दूरच्या भूकंपांची साक्ष

जपानच्या समुद्रात भूमी हादरली, ही बातमी आपण वाचतो आणि पान उलटतो. आपल्या पायांखालची भूमी कशी आहे, हे सांगणारा एक विश्वासू साक्षीदार असा दूरचा भूकंपच असतो, हे मात्र सहसा ध्यानी येत नाही.

तीन ते दहा हजार किलोमीटरांवरून आलेले भूकंपतरंग पृथ्वीच्या पोटातून प्रवास करून नोंदकेंद्राखाली बरेचसे सरळ वर येतात. प्रावरणातून भूकवचात शिरताना वेगवान प्राथमिक तरंगाचा अल्प अंश संथ अशा दुय्यम तरंगात पालटतो. (ही सीमा झाग्रेबच्या मोहोरोविचिच यांनी १९०९ च्या भूकंपावरून शोधली, तो भूकंप मात्र जवळचा होता.) दोन्ही तरंग सीमेवरून एकाच क्षणी निघतात, परंतु दुसरा चार-पाच सेकंद मागाहून पोहोचतो. वीज चमकल्यावर गडगडाटास जितका विलंब, तितका मेघ दूर. हिशेब त्याच जातीचा. एका सेकंदामागे ढोबळमानाने आठ किलोमीटर जाडी धरावी. उभ्या हालचालीच्या नोंदीत पहिला तरंग ठळक उमटतो, आडवीत दुसरा. पहिल्या नोंदीच्या साह्याने दुसरीतून मूळ भूकंपाची छाप काढून टाकली, की उरते ती बव्हंशी केंद्राखालील खडकांची हकीकत. तिबेटखाली कवच सुमारे सत्तर किलोमीटर जाड आहे. दख्खनच्या काळ्या कातळाखाली बऱ्याच ठिकाणी ते पस्तीस-चाळीस भरते.

हा खटाटोप कशासाठी? दख्खनचे पठार अचल आहे, हा समज ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेने आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीने मोडून काढला. या पद्धतीने पुढील भूकंपाचे भाकीत होत नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. परंतु कोयना परिसरातील एखादा लहान धक्का किती खोलवर झाला हे ठरविण्यासाठी तेथील कवचातून तरंग किती वेगाने जातात, हे आधी ठाऊक असावे लागते. ते चुकले की खोलीही चुकते.

येथे एका नोंदीने भागत नाही. निरनिराळ्या दिशांनी आलेल्या अनेक भूकंपांच्या नोंदी वर्षानुवर्षे जमवून एकत्र कराव्या लागतात. आपली थैली मात्र आपत्तीनंतरच सैल होते. भूकंपमापनाच्या उपकरणांचे मोठे आधुनिकीकरण झाले, तेही किल्लारीनंतर. अंदाजपत्रकास कात्री लावणाऱ्याला शांत वर्षांतील भूकंपमापक निरुद्योगी भासतो, तथापि दूरची साक्ष नोंदविण्याचे त्याचे काम तेव्हाही चालूच असते. केंद्राची वीज गेली आणि नोंद तुटली, तर त्या रात्रीचा जपानजवळचा भूकंप कोणत्याही अनुदानाने पुन्हा मागविता येत नाही.