पाटीपुढचा आकांत

नांदेडहून निजामाबादकडे निघालेली आगगाडी धर्माबाद सोडून तेलंगणात शिरते न शिरते तोच बासरचे स्थानक येते. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले हे सरस्वतीचे क्षेत्र २०१६च्या फेररचनेनंतर निर्मल जिल्ह्यात गेले. येथे मुलांचा अक्षराभ्यास करावयास तेलुगू व मराठी कुटुंबे सारख्याच श्रद्धेने येतात. वसंत पंचमीला तर पाय ठेवावयास जागा नसते. आईबापांच्या मांडीवर मूल, पुढ्यात पाटी, आणि त्याचा इवलासा हात धरून पहिले अक्षर गिरविणारे पुरोहित, असे हे मनोहर दृश्य. मात्र त्या रांगेत चार घटका काढलेल्या कोणालाही त्याची दुसरी बाजू ठाऊक असते. अडीच-तीन वर्षांचे पोर अकस्मात ताठ होते, पाटी भिरकावते, फरशीवर लोळण घेते. बापाचा चेहरा लाल, आईची मान खाली, आणि मागून कोणीतरी म्हणतेच, ‘फार लाडावलेले दिसते!’

आम्हांस विचारावेसे वाटते, यात लाडाचा संबंध काय? ते मूल पहाटे झोपेतून उठविलेले असते. नवे कपडे त्याला टोचत असतात, पोटात काही नसते, सभोवती अनोळखी माणसांची भिंत असते. आणि इतके सोसल्यावर एक अपरिचित गृहस्थ त्याची बोटे पकडतो. मोठा माणूस अशा वेळी कुरकुर करतो, पाणी मागतो, उठून जातो. मुलाला यांतले काहीच साधत नाही. इच्छा आलेली असते, शब्द आलेले नसतात. वाणीच्या देवतेपुढे चाललेला तो आकांत वाणी अपुरी पडल्याचाच आकांत असतो. वयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी असे प्रसंग बहुतेक सर्व घरांत घडतात. भावनेला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पूर्णपणे पक्व व्हावयास विशी उलटावी लागते, हे आता विज्ञानाने दाखविले आहे. जो लगाम अजून घडलेलाच नाही, तो खेचून उपयोग काय?

भागवताच्या दशम स्कंधातील कथा आमच्या वाचकांस नवी नाही. चुलीवरचे दूध उतू जाऊ लागले म्हणून यशोदेने बाळकृष्णाला अर्धपोटी मांडीवरून खाली ठेवले, आणि त्याने रागाने दह्याचे मडकेच फोडले. इतक्या शतकांत बालकांच्या रागाचे कारण बदललेले दिसत नाही! पुढचा तपशील मात्र कीर्तनांतून घाईने उरकला जातो. यशोदा काठी घेऊन धावली खरी, पण मूल भ्यालेले पाहताच तिने ती काठी टाकून दिली. बांधण्याचा बेत तिने सोडला नाही, मारण्याचा सोडला.

नेमके हेच आमच्या घरांत उलटे होते. गोवा बालक कायद्याने २००३ मध्ये शाळेतील छडीवर बंदी घातली. घरातल्या पळीला आणि केरसुणीला मात्र अजून रजा मिळालेली नाही. मार देऊन मूल गप्प होते ते भयाने, समजुतीने नव्हे. आणि ओरडून, हात उगारून आपले म्हणणे पुढे रेटावे, हा पाठ ते आपल्याकडूनच घेते. दुसऱ्या टोकाला आजी असते. वीस मिनिटे ‘नाही’ म्हणून एकविसाव्या मिनिटाला तिने गोळी दिली, की पुढच्या वेळी किती मिनिटे रडावयाचे याचा हिशेब पोराला पक्का कळतो. हल्ली गोळीची जागा मोबाईलने घेतली आहे, एवढाच फरक.

मग करावे काय? आकांत चालू असता उपदेश करू नये. तो कानांत शिरत नाही. मुलाला गर्दीतून बाजूला न्यावे, जवळ बसावे, आवाज खाली ठेवावा. ते कोणाला मारीत असेल, चावत असेल, तर हात शांतपणे पण घट्ट धरावा. नकार दिला असेल तर तो नकारच राहू द्यावा, आणि आईबाप, आजी-आजोबा यांचा नकार एकच असावा. वादळ ओसरले की त्याला पोटाशी घेऊन त्याच्या रागाला शब्द द्यावा, ‘तुला भूक लागली होती, म्हणून राग आला.’ असे शब्द हळूहळू साठतात आणि एके दिवशी लोळण घेण्याऐवजी मूल ‘भूक’ म्हणते. खेळातून उठवावयाचे तर आधी सांगावे. लाल झबले की निळे, एवढे ठरविण्याचा हक्क तरी त्याला असावा.

काही लक्षणे मात्र हट्ट म्हणून सोडून देऊ नयेत. रडता रडता श्वास कोंडून मूल निळे पडत असेल तर बालरोगतज्ज्ञांस दाखवावे. त्यामागे कधी कधी रक्तातील लोहाची कमतरता असते. दोन वर्षे उलटूनही शब्द जुळत नसतील तर कान तपासून घ्यावेत. चार वर्षांनंतरही रोज आकांत होत असेल, मूल स्वतःला इजा करीत असेल, तर शेजाऱ्यांचा सल्ला पुरे समजू नये.

ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीच्या समुद्रकाठी बालशिक्षणाचे काम घेऊन गेल्या. वाड्यांवरची मुले शाळेत येईनात, तेव्हा मुलांना दोष न देता ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले.

बासरला जाणाऱ्या आमच्या वाचकांनीही मुलाची झोप आणि न्याहारी आधी उरकावी, मुहूर्ताची वेळ त्यानंतर पाहावी. तरीही ते रडू लागलेच, तर पाटी क्षणभर मिटलेल्या पिशवीत राहू द्यावी, मागच्या कुटुंबाला पुढे जाऊ द्यावे आणि मुलाला कडेवर घेऊन गोदावरीच्या घाटावर थोडे फिरवून आणावे.