लगाम विषाणूच्या हाती
(लेखमाला : भाग ४)

१९९८ साली तैवानमध्ये हजारो लहान मुलांना ताप आला, तळहात-तळपायांवर पुरळ उठले, तोंडात फोड आले. आजार डॉक्टरांच्या ओळखीचाच होता. आपल्याकडेही पावसाळ्यात तो पाळणाघरांतून फिरतो आणि बहुतेक मुले आठवडाभरात पुन्हा खेळू लागतात. त्या वर्षी मात्र ४०५ रुग्णांची प्रकृती गंभीर झाली आणि ७८ जण दगावले. त्यांतले ७१ जण पाच वर्षांचे किंवा त्याहून लहान होते. गंभीर रुग्णांमध्ये मुख्यतः सापडला तो एन्टरोव्हायरस ७१.

हा विषाणू पेशीत शिरल्यावर पेशीने इंटरफेरॉन सोडायला हवे. शेजारच्या पेशींना सावध करणारे हे प्रथिन. मग ते कमी का पडते? उत्तराचा एक मोठा भाग तैवानच्याच संशोधकांनी २०१४ मध्ये मांडला, आणि त्याच्या केंद्रस्थानी आहे गेल्या भागात ओळख झालेला मायक्रोआरएनए. जेमतेम २२ अक्षरांची ही साखळी संदेशवाहक आरएनएला चिकटते आणि त्यापासून प्रथिन तयार होऊ देत नाही.

इथे गाठ आहे ‘एमआयआर-१४६ए’शी. डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेने २००६ मध्ये दाखवले की, रोगप्रतिकाराची साखळी जागी झाली की याचे प्रमाण वाढते आणि तो त्याच साखळीतल्या आयआरएके१ आणि टीआरएएफ६ या दोन प्रथिनांना आवर घालतो. हा लगाम हवाच. तो नसेल तर दाह थांबत नाही आणि शत्रू गेल्यावरही शरीर स्वतःच्याच पेशींवर तुटून पडते.

एन्टरोव्हायरस ७१ नेमका हाच लगाम खेचतो, तोही लढाई रंगात येण्याआधीच. संसर्ग झालेल्या पेशीत एमआयआर-१४६ए वाढतो, ती दोन प्रथिने घटतात, इंटरफेरॉन आटते आणि विषाणूला रान मोकळे मिळते. विषाणूने आपले स्वतःचे काही आणले नाही, पेशीचीच शहाणी व्यवस्था अवेळी चालवली. मला या संशोधनात सगळ्यांत हादरवणारे वाटते ते हेच. संशोधकांनी उंदरांमध्ये हा मायक्रोआरएनए निष्प्रभ केला, तेव्हा इंटरफेरॉन पुन्हा वाढले आणि जास्त उंदीर जगले.

म्हणून लगेच तसे औषध मुलांना द्यावे का? घाई नको. या मायक्रोआरएनएचे जनुक जन्मतःच नसलेल्या उंदरांमध्ये वय वाढेल तसे स्वप्रतिकारक विकार आणि गाठीही दिसल्या, हे २०११ मध्ये बाल्टिमोर यांच्याच गटाने नोंदवले. लगाम किती सैल करायचा आणि किती तास, याचे उत्तर मिळाल्याशिवाय तान्ह्या बाळावर असा प्रयोग करणे मला मान्य होणार नाही. तोवर लस हाच भरवशाचा मार्ग. एन्टरोव्हायरस ७१वरच्या लशीला चीनने डिसेंबर २०१५ मध्ये मान्यता दिली.

पुढच्या भागात आरएसव्ही : दोन वर्षांच्या आत जवळजवळ प्रत्येक मुलाला गाठणारा विषाणू, आणि त्या वेळी बाळाच्या नाकातल्या पेशींत बदलणारे मायक्रोआरएनए.