तुटलेली तार, लिनक्सचं ठिगळ

इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला तो १९०४ साली. तेव्हापासून इथल्या पोराटोरांनाही एक गोष्ट ठाऊक असते: तार तुटली की आधी ती जोडायची, मग पुढचं कापड. ऑटोलूमवर तर ताण्यातली तार तुटली की तिच्यावर लटकणारी ड्रॉपपिन खाली पडते आणि माग जागच्या जागी थांबतो. लिनक्स या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या काँप्युटरला अशी ड्रॉपपिन नसते. आत तार तुटलेली असते, म्हणजे प्रोग्रॅममध्ये चूक राहिलेली असते, आणि काम बिनबोभाट चालू राहतं.

किती दिवस? लिनक्समधल्या बॅश नावाच्या प्रोग्रॅममध्ये १९८९ साली तुटलेली तार सापडली २०१४च्या सप्टेंबरात. तब्बल २५ वर्षांनी! तिचं नाव पडलं शेलशॉक. बातमी फुटली आणि एका दिवसाच्या आत हल्ले सुरू झाले. सुडो या दुसऱ्या प्रोग्रॅममधली एक चूक २०११ ते २०२१ अशी दहा वर्षं मुक्कामाला होती. पीकेएक्झेक या तिसऱ्यातली २००९ पासून होती, ती जगाला कळली २०२२च्या जानेवारीत.

दुरुस्तीला ‘पॅच’ म्हणतात, आणि पॅच म्हणजे खरोखरच ठिगळ. १९४०च्या दशकात हार्वर्डच्या मार्क वन या अवाढव्य यंत्राला हुकूम मिळायचे ते भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून. चुकीचं भोक पडलं की त्यावर कागदाचा तुकडा चिकटवायचा, झाली दुरुस्ती. भोकांनी यंत्र चालवण्याची ही युक्ती कापडवाल्यांच्या ओळखीची आहे. फ्रान्सच्या जकार्डने १८०४च्या सुमारास पंचकार्डांवरूनच मागावर नक्षी उठवली होती. म्हणजे काँप्युटरचं ठिगळसुद्धा मागाच्या घराण्यातलंच.

मला सगळ्यात आवडते ती २०२४च्या मार्चमधली हकिगत. आंद्रेस फ्रॉइंड हा इंजिनिअर आपल्या कामाच्या चाचण्या घेत होता. लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढंच त्याला खटकलं. खणत गेला, तर एक्सझेड नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा बसवलेला! मागाचा खडखडाट किंचित बदलला तरी माग दुरुस्त करणाऱ्या मुरलेल्या जॉबरचा कान टवकारतो, तसंच हे. तो चोरदरवाजा डेबियन आणि फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंत पोचला होता, स्थिर आवृत्त्या वाचल्या. म्हणून माझं मत ठाम आहे: कामाच्या मशीनवर स्थिर आवृत्ती ठेवावी आणि तिचे सिक्युरिटी अपडेट एकही न चुकवता घ्यावेत.

अपडेटच्या हुकमांतली एक गंमत पुष्कळांना माहीत नसते. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर ‘अ‍ॅप्ट अपडेट’ म्हटल्याने काहीच दुरुस्त होत नाही, नुसती नव्या मालाची यादी येते. माल बसतो तो ‘अ‍ॅप्ट अपग्रेड’ने. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. त्याचा पॅच बसला तरी मशीन रीस्टार्ट होईपर्यंत सहसा जुनाच कर्नल चालत राहतो. ‘सिस्टिम रीस्टार्ट रिक्वायर्ड’ ही ओळ स्क्रीनवर महिनाभर दिसत असेल, तर ठिगळ आणलंय पण शिवलेलं नाही.

उबुंटूच्या आवृत्तीचं वय नावातच असतं. २०.०४ म्हणजे २०२०चा एप्रिल. तिची पाच वर्षांची नेहमीची मोफत डागडुजी २०२५च्या मे महिन्यात संपली.

आपल्याकडे लिनक्स कुठलं, असं वाटत असेल तर खिशात हात घाला. प्रत्येक अँड्रॉइड फोन लिनक्सच्या कर्नलवर चालतो. शेडमधल्या सीसीटीव्हीचा डबा आणि वायफायचा राउटरही बहुतेक वेळा त्यावरच. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने असेच लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कंपनीने दिलेला पासवर्ड कुणी बदललाच नव्हता म्हणून.

तेव्हा आज एवढं कराच. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘सिक्युरिटी अपडेट’ची तारीख बघा. ती सहा महिन्यांपूर्वीची असेल तर अपडेट आलाय का ते तपासा, आला असेल तर रात्री फोन चार्जिंगला लावून घेऊन टाका. आणि कॅमेऱ्याचा पासवर्ड उद्या शेड उघडल्यावर पहिल्यांदा बदला.