शेतकरी उत्पादक कंपनीची भांडवल उभारणी (वऱ्हाड)

शेतकऱ्यांच्या मालकीच्या कंपनीसाठी पैसा जमवण्याच्या प्रक्रियेला शेतकरी उत्पादक कंपनीची भांडवल उभारणी असे म्हणतात. सामाजिक हेतूने सुरू होणाऱ्या अन्य नवउद्योगांहून ही प्रक्रिया एका बाबतीत मुळातच वेगळी आहे: या कंपनीचे समभाग बाहेरच्या गुंतवणूकदाराला विकता येत नाहीत. अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम व यवतमाळ या वऱ्हाडातील जिल्ह्यांत अशा कंपन्या प्रामुख्याने तूर, सोयाबीन, हरभरा, कापूस आणि संत्री यांच्या खरेदी-विक्रीत व प्रक्रियेत काम करतात.

कायदेशीर चौकट

डॉ. योगिंदर अलघ यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनंतर २००२ साली कंपनी कायदा, १९५६ मध्ये दुरुस्ती करून 'उत्पादक कंपनी' हा स्वतंत्र प्रकार निर्माण करण्यात आला. २०२० च्या दुरुस्तीने या तरतुदी कंपनी कायदा, २०१३ मध्ये आणल्या गेल्या. किमान दहा उत्पादक एकत्र येऊन अशी कंपनी नोंदवू शकतात. सभासदसंख्येला वरची मर्यादा नाही. संचालक किमान पाच व कमाल पंधरा असतात.

सहकारी संस्थेतील 'एक सभासद, एक मत' हे तत्त्व येथे कायम आहे. ज्याच्याकडे शंभर समभाग आहेत त्याचे आणि ज्याच्याकडे एकच आहे त्याचेही मत सारखेच. समभागावरील परतावा मर्यादित असतो. उरलेला नफा सभासदाने कंपनीशी केलेल्या व्यवहाराच्या प्रमाणात बोनस म्हणून वाटता येतो. समभागांची शेअर बाजारात नोंदणी होत नाही. गुंतवणूकदाराला आकर्षित करणारी प्रत्येक वाट कायद्याने अशी बंद केलेली आहे, आणि ती जाणूनबुजून बंद केलेली आहे. सहकारी कारखान्यांत राज्य शासन भागीदार होत असे व त्यामागोमाग राजकीय हस्तक्षेपही येत असे. उत्पादक कंपनीत शासनालाही समभाग घेता येत नाहीत.

सभासदांचे भाग

पहिले भांडवल सभासदांकडूनच येते. पश्चिम महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखान्यांनीही सुरुवातीला गावोगाव फिरून भाग गोळा केले. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला प्रवरेचा कारखाना हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. तेथे मात्र एक सोय होती. तोडलेला ऊस लवकर गाळावा लागतो, तो कारखान्यातच जातो, आणि म्हणून उसाच्या बिलातून प्रतिटन कपात करून ठेवी वाढवता येतात.

वऱ्हाडातील कोरडवाहू शेतीत ही सोय नाही. तूर, हरभरा वा कापूस टिकाऊ माल आहे. कास्तकार (वऱ्हाडात शेतकऱ्याला हाच शब्द अधिक रूढ आहे) तो अडत्याला, गावच्या व्यापाऱ्याला किंवा अकोल्याच्या डाळ गिरणीला, कोठेही विकू शकतो. ज्याच्या दारावरून माल जातच नाही, त्याला कपात कशातून करता येणार? त्यामुळे भागभांडवल बहुधा नोंदणीच्या वेळी जमते तेवढेच राहते.

उदाहरणादाखल हिशेब पाहावा. ५०० सभासदांनी प्रत्येकी १,००० रुपये दिल्यास ५ लाख रुपये होतात. तेवढेच अनुदान मिळाले तर १० लाख. २०२३-२४ च्या हंगामात तुरीचा हमीभाव क्विंटलला ७,००० रुपये होता. त्या दराने या सर्व रकमेत सुमारे १४३ क्विंटल तूर येते, म्हणजे दहा टनांचे दोन ट्रकही भरत नाहीत. गोदाम, चाळणी यंत्र, वजनकाटा आणि व्यवस्थापकाचा पगार यांचा विचार त्यानंतरचा.

अनुदान व कर्ज

केंद्राची समभाग अनुदान योजना २०१४ पासून लघु कृषक कृषी व्यापार संघामार्फत राबवली गेली. २०२० मध्ये १०,००० शेतकरी उत्पादक संघटना स्थापन करण्याची योजना आली. तिच्यानुसार प्रत्येक संघटनेस व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत १८ लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. याशिवाय प्रतिसभासद २,००० रुपयांपर्यंत व एकूण १५ लाख रुपयांपर्यंत समभाग अनुदान आणि २ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जास हमी अशी तरतूद आहे. सपाट प्रदेशात किमान ३०० सभासद असावे लागतात. समभाग अनुदान सभासदांनी आधी भरलेल्या रकमेच्या बरोबरीने मिळते. ज्यांनी काहीच भरले नाही त्यांना काहीच मिळत नाही.

जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्रात चाललेल्या 'नानाजी देशमुख कृषी संजीवनी' व 'स्मार्ट' या प्रकल्पांतून गोदाम व यंत्रसामग्रीसाठी अनुदान दिले गेले. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यातील गावेही पहिल्या प्रकल्पात होती. पण अनुदान यंत्राला मिळते, मालाच्या खरेदीला नाही. ऑक्टोबरात सोयाबीन आणि जानेवारीच्या सुमारास तूर एकदम बाजारात येते, आणि कास्तकाराला रक्कम रोख हवी असते. याच काही आठवड्यांत खेळत्या भांडवलाची खरी टंचाई जाणवते. बँका तारण मागतात. नव्या कंपनीकडे स्थावर मालमत्ता नसते. नाबकिसानसारख्या वित्तसंस्था मालाच्या व्यवहारावर कर्ज देतात, परंतु त्यासाठी लेखापरीक्षण झालेले हिशेब दाखवावे लागतात. संचालकांनी हिशेबाची वही पहिल्या दिवसापासून नीट ठेवली की नाही, यावर पुष्कळ अवलंबून असते.

बाहेरील गुंतवणूक : सह्याद्रीचे उदाहरण

नाशिक जिल्ह्यातील मोहाडी येथील सह्याद्री शेतकरी उत्पादक कंपनीने कायद्याच्या मर्यादेत राहून दुसरा मार्ग काढला. मूळ कंपनी शेतकऱ्यांच्या मालकीची ठेवून तिच्या अखत्यारीतील 'सह्याद्री फार्म्स पोस्ट हार्वेस्ट केअर' या वेगळ्या कंपनीत गुंतवणूकदारांना प्रवेश देण्यात आला. सप्टेंबर २०२२ मध्ये इन्कोफिन, कोरिस, एफएमओ आणि प्रोपार्को या युरोपीय संस्थांनी तिच्यात सुमारे ३१० कोटी रुपये गुंतवले. यांपैकी एफएमओ व प्रोपार्को या अनुक्रमे नेदरलँड्स व फ्रान्सच्या विकास वित्तसंस्था आहेत.

या रचनेत 'एक सभासद, एक मत' हा नियम मूळ कंपनीपुरताच राहतो. उपकंपनीत मत समभागांच्या संख्येनुसार मोजले जाते. पुढे आणखी समभाग विकले गेले तर शेतकऱ्यांचा वाटा किती उरेल, हे करारात ठरवावे लागते. शिवाय सह्याद्रीकडे द्राक्षनिर्यातीचा दीर्घ अनुभव व मोठी उलाढाल आधीच होती. वरूड-मोर्शी पट्ट्यातील संत्र्याच्या कंपन्यांना हे उदाहरण नेहमी दाखवले जाते. तेथे मात्र आंबिया आणि मृग बहाराची बाग व्यापाऱ्याला झाडावरच विकण्याची पद्धत अजून प्रचलित आहे. फळ तोडण्यापूर्वीच हाती पडणारा व्यापाऱ्याचा विसार हा कंपनीचा मोठा स्पर्धक ठरतो.