तांबेरा व जवस : वनस्पतींच्या रोगप्रतिकारशक्तीचा एक शोध

ताप आला असतां मनुष्य अंथरुणावर पडतो, वैद्यास बोलावतो, औषध घेतो. झाडास यांपैकीं कांहींच करतां येत नाहीं. तें जागचें हलूं शकत नाहीं. त्याला रक्त नाहीं व रक्तांत फिरून रोगजंतूंचा समाचार घेणाऱ्या पांढऱ्या पेशींचें सैन्यही नाहीं. असें असूनही रानांतील बहुतेक झाडें हिरवींगार दिसतात. रोगट झाड हाच अपवाद होय. हें कसें घडतें ? या प्रश्नाचें उत्तर शोधण्याच्या कामीं हॅरोल्ड हेन्री फ्लोर (१९००–१९९१) या अमेरिकन शास्त्रज्ञानें जें कार्य केलें, त्याचा थोडक्यांत परिचय करून देण्याचा आम्ही येथें यत्न करीत आहों.

शेतकऱ्याच्या घरीं वाढलेल्या आमच्या बांधवांस तांबेरा ठाऊक असेलच. पानांवर गंजाच्या रंगाची भुकटी दिसूं लागते व हात लावल्यास ती बोटांस लागते. ही भुकटी म्हणजे एका बुरशीचे असंख्य सूक्ष्म बीजाणु होत. वारा त्यांस कोसच्या कोस वाहून नेतो. ही बुरशी मोठी चोखंदळ आहे. ती जिवंत पेशींतूनच अन्न शोषते; मेलेल्या पेशींवर तिचें पोट भरत नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी; पुढें तिचें प्रयोजन पडणार आहे.

इंग्लंडांत बिफेन यांनीं १९०५ सालीं दाखवून दिलें होतें कीं, पिवळ्या तांबेऱ्यास तोंड देण्याची गव्हाची शक्ति मेंडेलच्या नियमांप्रमाणें एका पिढीकडून दुसरीस मिळते. त्यामुळें संकर करून निरोगी जाती निर्माण करण्याच्या कामास मोठी चालना मिळाली. परंतु एक विचित्र अनुभव येऊं लागला. आज तांबेऱ्यास दाद न देणारी म्हणून वाखाणलेली जात कांहीं वर्षांनीं त्याच रोगास बळी पडे. जातींत तर कांहींच बदल झालेला नसे. मग बिघडलें तें काय ?

फ्लोर हे १९३१ सालापासून उत्तर डाकोटांतील फार्गो येथें जवसाच्या तांबेऱ्याचा अभ्यास करीत होते. जवस म्हणजे ज्याची चटणी आपल्याकडे विदर्भांत भाकरीबरोबर आवडीनें खातात तोच. गव्हाच्या काळ्या तांबेऱ्यास आपलें जीवनचक्र पुरें करण्यास दोन निराळ्या वनस्पति लागतात. जवसाचा तांबेरा मात्र सारा जन्म जवसावरच काढतो. त्यामुळें त्याच्या दोन कुळींचा संकर करणें सोयीचें होतें. इतर बहुतेक संशोधक केवळ झाडाच्या पिढ्या तपाशीत. फ्लोर यांनीं झाड व बुरशी या दोहोंच्याही पिढ्या जोडीनें तपासल्या. त्यांचें वैशिष्ट्य येथेंच आहे.

त्यांच्या एका प्रयोगाची हकीकत देतों. त्यांनीं घेतलेल्या दोन जातींचीं नांवें ‘ऑटावा ७७० बी’ व ‘बॉम्बे’ अशीं होतीं. दुसरें नांव वाचून आमच्याप्रमाणें वाचकांसही कौतुक वाटेल. तांबेऱ्याच्या २२ क्रमांकाच्या कुळीपुढें ऑटावा हार खाई, पण बॉम्बे टिके. २४ क्रमांकाच्या कुळीपुढें नेमका उलट प्रकार. या दोन जातींच्या संकराच्या दुसऱ्या पिढींतील १९४ रोपांपैकीं ११० रोपें दोन्ही कुळींस पुरून उरलीं, ३२ व ४३ रोपें एकेका कुळीसच तोंड देऊं शकलीं आणि ९ रोपें दोहोंसही बळी पडलीं. हें प्रमाण मेंडेलच्या ९ : ३ : ३ : १ या प्रमाणाशीं जुळतें, म्हणजे येथें दोन जनुकें काम करीत होतीं. मग त्यांनीं तांबेऱ्याच्या त्याच दोन कुळींचा संकर केला. दुसऱ्या पिढींतील १३३ नमुन्यांपैकीं ७८ कोणत्याच जातीवर वाढेनात, २७ व २३ एकेका जातीवर वाढले आणि ५ दोन्ही जातींवर वाढले. पुन्हा तेंच प्रमाण ! झाडांत दोन जनुकें, तर बुरशींतही त्यांच्या जोडीचीं दोनच.

यावरून ‘जनुकास जनुक’ हा सिद्धांत निघाला. समजा, गांवचा जागल्या एका चोरास त्याच्या लाल पागोट्यावरून ओळखतो. चोर तें पागोटें घालून आला तर धरला जातो. पण त्यानें पागोटें बदललें, कीं जागल्या तोच असून व जागा असूनही चोर घरांत शिरतो. जातींत बदल न होतां ती रोगास कां बळी पडते, याचा उलगडा असा झाला : बदलते ती बुरशी. ओळख पटली, तर बुरशी शिरलेल्या जागच्या थोड्या पेशी आपण होऊन मरतात. जिवंत पेशींवर जगणारी बुरशी तेथेंच उपाशी पडते. पानावर बारीकसा ठिपका उरतो व झाड वांचतें.

फ्लोर यांनीं हीं जनुकें डोळ्यांनीं पाहिलीं नव्हतीं. केवळ रोपें मोजून त्यांनीं तीं ताडलीं. पुढें १९९५ सालीं ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं जवसाचें एक प्रतिकारक जनुक वेगळें काढलें, व २००४ सालीं तांबेऱ्यांतील त्याचें जोडीदार जनुकही सांपडलें. अशींच जनुकें टोमॅटो, तंबाखू, भात, गहू इत्यादि वनस्पतींतही आढळलीं आहेत.

या ज्ञानाचा संबंध आपल्या ताटांतील पोळीशीं आहे. जगांतील पुष्कळशा गव्हाची भिस्त काळ्या तांबेऱ्याविरुद्धच्या एकाच जनुकावर होती. १९९८ सालीं युगांडांत त्यालाही न जुमानणारी कुळी आढळली व शास्त्रज्ञांची झोंप उडाली. म्हणून आतां एका जातींत अनेक जनुकें एकत्र आणण्याचा प्रयत्न होतो. चोरास एक पागोटें बदलणें सोपें. पण पागोटें, चाल व आवाज हीं सर्व एकदम बदलणें फार कठीण.

हीं जनुकें मिळतात कोठून ? पुष्कळदां रानटी गवतांतून व जुन्या जातींतून. स्टॅकमन व लेव्हिन यांनीं १९२२ सालीं काळ्या तांबेऱ्याच्या कुळी ओळखण्यासाठीं गव्हाच्या ज्या १२ जाती वापरल्या, त्यांत आपला खपली गहूही होता. पुढें त्याच्यांतील प्रतिकारक जनुकें दुसऱ्या गव्हांत उतरविण्यांत आलीं. पीक कमी येतें म्हणून जुनें बियाणें टाकून देतांना आपण कदाचित् एखाद्या जागल्यासच गांवाबाहेर घालवीत असूं. सुटींत घरीं जाल तेव्हां आजोबांच्या कणगींत कोणतें बीं आहे, तें आमच्या वाचकांनीं अवश्य विचारून पाहावें.