ठिणगीची वेळ

गाडीचे टायमिंग आता मिस्त्रीच्या हातचे राहिले नाही, अशी तक्रार गॅरेजमधील कामगारांकडून आम्ही नेहमी ऐकतो. तिच्यात तथ्य आहे. परंतु टायमिंगमागचे कारण बदललेले नाही; तेवढे आज समजून घेऊ.

पेट्रोल व हवेचे मिश्रण ठिणगी पडताच सारे पेटत नाही. आग पसरून दाब शिगेला पोचावयास थोडा वेळ लागतो. आणि तो दाब पिस्टन माथा ओलांडून खाली वळल्यावर, क्रँक सुमारे १५ अंश फिरला असता यावा, तरच रेटा कामी येतो. नमुन्यादाखल आकडे घ्या. मिनिटाला १००० फेऱ्या असताना सेकंदाच्या हजाराव्या भागात क्रँक ६ अंश फिरतो. आगीला असे चार भाग लागले तर २४ अंश झाले. म्हणून ठिणगी माथ्याच्या सुमारे १० अंश आधी पाडावयाची. ५००० फेऱ्यांना त्याच चार भागांत क्रँक १२० अंश जाईल! सुदैवाने वेगाबरोबर सिलिंडरमधील खळबळ वाढते, आग लवकर पसरते, आणि ३० अंशांच्या आसपासची आघाडी पुरते. ठिणगीला उशीर झाला तर शक्ती सायलेन्सरवाटे वाया जाते. फार घाई झाली तर इंजिन ठोकू लागते व पिस्टन निकामी होऊ शकतो.

पूर्वी हे काम डिस्ट्रिब्यूटरमधील दोन वजने करीत. वेग वाढला की ती स्प्रिंगा ताणून बाहेर फाकत आणि कॅम पुढे सरकवीत. आता क्रँकबरोबर फिरणाऱ्या दातेरी चाकावरून संवेदक वेग मोजतो. इलेक्ट्रॉनिक पेटी वेग व भार पाहून आपल्या तक्त्यातून अंश काढते, आणि खुणेचा दात गेल्यावर तेवढाच वेळ थांबून ठिणगी पाडते. वेग वाढला की हे थांबणे आखूड होते.

वजने डोळ्यांना दिसत. तक्ता दिसत नाही. म्हणून 'पेटी बदला' एवढेच मिस्त्रीला शिकविले जाते. पण संवेदकावर घाण बसली किंवा चाकाचा दात मोडला, तर निर्दोष पेटीही चुकते आणि गिऱ्हाईकाला नाहक भुर्दंड पडतो. पगारवाढीइतक्याच आग्रहाने आम्ही या शिक्षणाची मागणी करतो, ती याचसाठी.