कार्ल वायरश्ट्रास : माध्यमिक शाळा ते बर्लिन विद्यापीठ

गणितीय विश्लेषणाच्या इतिहासात कार्ल वायरश्ट्रास (१८१५–१८९७) यांचे स्थान निर्विवाद आहे. त्यांची अध्यापकीय वाटचाल मात्र आडवळणाची होती. वडिलांच्या इच्छेनुसार कायदा व वित्तव्यवहार शिकण्यासाठी ते १८३४ मध्ये बॉन विद्यापीठात गेले आणि चार वर्षांनी पदवी न घेताच परतले. पुढे म्युन्स्टर येथे गुडरमान यांच्या विवृत्तीय फलनांवरील व्याख्यानांनी त्यांना दिशा दिली.

१८४२ ते १८५५ या काळात त्यांनी प्रशियातील डॉइच-क्रोने व ब्राउन्सबेर्ग येथील माध्यमिक शाळांत अध्यापन केले. गणिताखेरीज भूगोल, वनस्पतिशास्त्र, सुलेखन, इतकेच नव्हे तर व्यायामही त्यांच्याकडे असे. आबेलीय समाकलांवरील त्यांचे टिपण ब्राउन्सबेर्गच्या शालेय वार्षिकात छापले गेले. तेथे ते कोणा गणितज्ञाच्या दृष्टीस पडणार? (लेख कोठे छापला जातो याचे महत्त्व प्राध्यापक वाचकांस सांगावयास नको.) १८५४ मध्ये क्रेले यांच्या नियतकालिकात आबेलीय फलनांवरील लेख येताच क्योनिग्सबेर्ग विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. १८५६ मध्ये, वयाच्या चाळिशीत, ते बर्लिनला आले आणि १८६४ मध्ये तेथील विद्यापीठात पूर्णवेळ प्राध्यापक झाले.

एकसमान अभिसरणाची कल्पना मात्र त्यांच्या १८४१ च्या लेखातच आढळते. तो प्रसिद्ध झाला १८९४ मध्ये! तिचे महत्त्व एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. ० ते १ या अंतरालात क्ष, क्षचा वर्ग, क्षचा घन अशी फलनांची क्रमिका घ्यावी. यांतील प्रत्येक फलन संतत आहे. परंतु क्ष १ पेक्षा लहान असता सीमा ०, आणि क्ष = १ असता सीमा १; म्हणजे सीमाफलनाचे सातत्य तुटते. कारण असे की, क्ष जसजसा १ च्या जवळ जातो तसतशी सीमेच्या निकट येण्यास अधिकाधिक पदे ओलांडावी लागतात. सर्व बिंदूंना पुरेल असे एकच पद सापडत नाही. ते सापडते तेव्हा अभिसरण एकसमान असते व सातत्य टिकते. कोशी यांच्या १८२१ च्या ग्रंथातील विधान नेमके या भेदापाशी अडखळते.

१८७२ मध्ये त्यांनी सर्वत्र संतत परंतु कोठेही अवकलनक्षम नसलेले फलन बर्लिन अकादमीपुढे मांडले. स्त्रियांना विद्यापीठाची दारे बंद असल्याने सोफिया कोवालेवस्काया यांना त्यांनी चार वर्षे खाजगीरीत्या शिकविले, हेही तितकेच मोलाचे कार्य मानावे लागेल. १८६१ मधील आजारानंतर ते बसूनच व्याख्यान देत आणि फळ्यावर एखादा विद्यार्थी लिहीत असे. स्वतः प्रसिद्ध केलेले लेखन थोडे असल्याने त्यांचे बरेचसे गणित विद्यार्थ्यांच्या वह्यांतूनच युरोपभर पोहोचले.